खरा धनी गवसला : संत जोसेफिन बखिता



दर रविवारी आपण पवित्र मिस्साला येतो. दारातल्या पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण करतो, वेदीसमोर गुडघा टेकतो आणि आपल्या जागेवर जाऊन बसतो. हे सगळे इतके अंगवळणी पडले आहे, की आपण कोणापुढे आणि कशासाठी गुडघा टेकला हा विचार क्वचितच मनात येतो. मिस्साला ख्रिस्तसभेने प्राचीन काळापासून ‘युखरिस्त’ हे नाव दिले आहे. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ आहे उपकारस्तुती. म्हणजे आपण दर रविवारी येतो ते मुळात देवाचे आभार मानायला.

पण खरे सांगायचे तर प्रत्येक रविवारी आभार मानण्यासारखी मनाची स्थिती असतेच असे नाही. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असते, मुलाची नोकरी गेलेली असते, भावाभावांत जमिनीवरून अबोला असतो. अशा वेळी उपकारस्तुतीची प्रार्थना ओठांवर येते, पण मन मात्र विचारते, आभार कशाचे मानायचे? हा प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. ज्या एका स्त्रीला हा प्रश्न विचारण्याचा सर्वांहून अधिक हक्क होता, तिची जीवनकथा आज आपण पाहू या. ही स्त्री म्हणजे सुदानची संत जोसेफिन बखिता. तिचा सण ख्रिस्तसभा 8 फेब्रुवारीला साजरा करते.

स्वतःचे नाव विसरलेली मुलगी

सुदान देशाच्या पश्चिमेला दारफुर नावाचा प्रांत आहे. 2003 सालापासून हिंसाचार आणि निर्वासितांच्या बातम्यांमुळे हे नाव आपल्या कानावर पडत आले आहे. याच प्रांतातील एका खेड्यात 1869 च्या सुमारास बखिताचा जन्म झाला. घरची परिस्थिती चांगली होती. आईवडील, तीन भाऊ आणि बहिणी असे भरलेले घर होते. दुःख म्हणजे काय हे त्या लहानपणी आपल्याला ठाऊकच नव्हते, असे ती पुढे सांगत असे.

त्या काळी गुलामांचे व्यापारी खेड्यापाड्यांवर धाडी घालून माणसे पळवून नेत. बखिताच्या मोठ्या बहिणीला त्यांनी आधीच पळवले होते. त्यानंतर काही वर्षांनी, 1877 च्या सुमारास, बखिता एका मैत्रिणीबरोबर गावाबाहेर शेतात फिरत असताना दोन अनोळखी माणसे तिथे आली. त्यांनी मैत्रिणीला पुढे पाठवून दिले आणि बखिताला काहीतरी आणण्याच्या निमित्ताने रानात धाडले. मागोमाग जाऊन सुऱ्याचा धाक दाखवला आणि तिला ओढून नेले. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. त्यानंतर आईवडिलांची आणि तिची भेट कधीच झाली नाही.

त्यांनी तिला नाव विचारले तेव्हा भीतीने तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्यांनीच तिला ‘बखिता’ म्हणायला सुरुवात केली. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ आहे भाग्यवान. ज्या मुलीचे सर्वस्व त्यांनी हिरावून घेतले, तिलाच त्यांनी भाग्यवान म्हटले. त्या धक्क्याने तिला आपले खरे नाव आठवेनासे झाले. आईने ठेवलेले ते नाव तिला आयुष्यभर आठवले नाही आणि आज ते कोणालाच ठाऊक नाही.

शेकडो किलोमीटर अनवाणी चालवून तिला एल ओबेद या शहरात नेण्यात आले. वाटेतच तिची विक्री झाली. एकदा दुसऱ्या एका मुलीसह ती निसटली, रात्रभर रानातून धावत राहिली, पण एका माणसाने त्या दोघींना आसरा देण्याच्या बहाण्याने पुन्हा साखळीने बांधले. पुढच्या काही वर्षांत ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. एका घरी मालकाच्या मुलाचा राग ओढवला, तेव्हा त्याने तिला इतके मारले की महिनाभर तिला उठता आले नाही.

सर्वांत क्रूर घर होते एका तुर्की सेनाधिकाऱ्याचे. त्याची बायको आणि आई यांच्या सेवेला ती होती आणि चाबकाचा मार रोजचाच होता. एके दिवशी मालकिणीने आपल्या गुलाम मुलींच्या अंगावर गोंदण करवून घ्यायचे ठरवले. हे आपल्या आज्यांच्या हातावरच्या हौसेच्या गोंदणासारखे नव्हते. आधी पिठाने अंगावर नक्षी काढली गेली, मग त्या रेघांवर वस्तऱ्याने खोल चिरा दिल्या गेल्या आणि जखमा भरून सपाट होऊ नयेत म्हणून त्यांत मीठ चोळले गेले. बखिताच्या छातीवर, पोटावर आणि उजव्या हातावर अशा 114 खुणा केल्या गेल्या. त्या खुणा मरेपर्यंत तिच्या अंगावर होत्या.

चंद्रताऱ्यांचा धनी कोण?

या सर्व काळात बखिताला देवाविषयी कोणीही काही शिकवले नव्हते. पण एक गोष्ट तिला आठवत असे. लहानपणी ती सूर्य, चंद्र आणि तारे पाहायची तेव्हा तिच्या मनात येई, की या सगळ्या सुंदर गोष्टींचा कोणी धनी असला पाहिजे. त्याला पाहावे, त्याला ओळखावे आणि त्याच्यापुढे मस्तक नमवावे, अशी तिला ओढ वाटे.

बंधुभगिनींनो, इथे थोडे थांबू या. धनी या शब्दाचा अर्थ बखिताइतका कोणाला कळला असेल? तिने एकामागून एक धनी पाहिले होते. धनी म्हणजे चाबूक, धनी म्हणजे साखळी, हे तिचे शरीर शिकले होते. तरीही आकाशाच्या धन्यापुढे नमावे असे तिला वाटत राहिले. उपासनेची सुरुवात अशी होते. अजून नावही ठाऊक नसलेल्या देवाविषयी मनात आदर दाटून येतो. देवाने प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ठेवलेली ही ओढ चाबकालाही मारून टाकता येत नाही.

1883 साली खार्टुम शहरात कालिस्तो लेनयानी नावाच्या इटालियन उपवाणिज्यदूताने तिला विकत घेतले. या घरात तिला प्रथमच अंगभर कपडे मिळाले आणि कोणी तिच्यावर हात उगारला नाही. पुढे सुदानमध्ये महदीचे बंड वाढले आणि लेनयानींना मायदेशी परतावे लागले. आपल्यालाही बरोबर न्यावे म्हणून बखिताने त्यांची विनवणी केली. अशा रीतीने 1885 साली ती इटलीत पोहोचली. तिथे लेनयानींनी तिला आपल्या मित्राच्या, मिकिएली यांच्या कुटुंबाकडे सोपवले. हे कुटुंब व्हेनिसजवळच्या झियानिगो गावी राहत असे. 1886 साली त्यांना मुलगी झाली. तिचे लाडके नाव मिम्मिना. तिला सांभाळायचे काम बखिताकडे आले आणि त्या लेकराचा तिला फार लळा लागला.

या कुटुंबाचा कारभार पाहणारे इल्लुमिनातो केक्किनी हे श्रद्धाळू गृहस्थ होते. त्यांनी बखिताला चांदीचा एक छोटा क्रूस दिला. क्रूसावरच्या त्या जखमी माणसाकडे ती एकांतात टक लावून पाहत बसे. तो कोण हे तिला ठाऊक नव्हते. पण त्याच्याही अंगावर जखमा होत्या, हे तिला दिसत होते.

एक ठाम नकार

मिकिएली कुटुंबाने लाल समुद्राकाठच्या सुआकिन या बंदरात हॉटेल घेतले होते. त्याची व्यवस्था पाहायला मालकीणबाईंना जायचे होते. म्हणून 1888 च्या नोव्हेंबरमध्ये बखिता आणि मिम्मिना यांना व्हेनिसमध्ये कनोसियन धर्मभगिनींच्या स्वाधीन करण्यात आले. संत माग्दालेना कनोसा यांनी 1808 साली व्हेरोना येथे सुरू केलेला हा संघ आहे. मुंबईत माहीम आणि अंधेरी येथील शाळांमुळे त्यांचे नाव आपल्यालाही परिचित आहे. व्हेनिसच्या त्या मठात बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी एक सदन होते. तिथेच बखिताला कळले, की लहानपणी चंद्रताऱ्यांकडे पाहताना ज्याला ती शोधत होती तो धनी म्हणजे हाच देव आहे आणि क्रूसावरचा जखमी माणूस म्हणजे त्याचाच पुत्र आहे. हा धनी तिला ओळखत होता. तिच्यावर त्याचे प्रेम होते. त्याने स्वतः चाबकाचा मार खाल्ला होता.

सुमारे वर्षभराने मालकीणबाई तिला परत न्यायला आल्या. बखिताने नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदाच ती कोणाला नाही म्हणत होती.

हा नकार सोपा नव्हता. मालकीणबाईंनी तिला मारझोड केली नव्हती, उलट घरात जागा दिली होती. मिम्मिनाला सोडायचे या विचाराने तिचे काळीज तुटत होते. अन्नाला जागावे ही शिकवण आपल्याकडेही आहे. मग ही कृतघ्नता नव्हती का? बखिताने याचे उत्तर मनाशी ठरवले होते. माणसांचे उपकार तिला मान्य होते आणि त्यांच्याविषयी प्रेमही होते. पण त्या उपकारांच्या बदल्यात देवाला सोडणे तिला मान्य नव्हते. बाप्तिस्म्याशिवाय ती मागे फिरणार नव्हती.

प्रकरण सरकारी अधिकारी आणि न्यायालयापर्यंत गेले. 29 नोव्हेंबर 1889 रोजी निर्णय लागला. इटलीच्या कायद्याने गुलामगिरी कधीच मान्य केलेली नव्हती आणि बखिता आता सज्ञान होती. म्हणून तिच्यावर कोणाचीही मालकी नाही, कुठे राहायचे ते तिने स्वतः ठरवावे, असा तो निर्णय होता. विशीतल्या या तरुणीने आपल्या आयुष्याचा पहिला मोकळा निर्णय घेतला. ती व्हेनिसमध्येच राहिली.

स्नानकुंडाचे चुंबन

9 जानेवारी 1890 रोजी बखिताचा बाप्तिस्मा झाला. तिला जोसेफिन, मार्गारेट आणि फोर्तुनाता ही नावे मिळाली. फोर्तुनाता म्हणजे भाग्यवान. पळवून नेणाऱ्यांनी थट्टेसारखे चिकटवलेले नाव ख्रिस्तसभेने तिला पुन्हा दिले, पण आता ते खरे झाले होते. त्याच दिवशी तिला दृढीकरण आणि प्रथम ख्रिस्तशरीर हे संस्कारही मिळाले.

पुढे जेव्हा जेव्हा ती बाप्तिस्म्याच्या स्नानकुंडापाशी जाई, तेव्हा वाकून त्याचे चुंबन घेई. आपण इथेच देवाची लेक झालो, हे ती कधी विसरली नाही. चाबकाच्या धाकाने तिने आजवर किती जणांपुढे मान वाकवली असेल! स्नानकुंडापुढे मात्र ती स्वतःहून वाकत असे. कोणी बोलावत नसे, कोणी पाहत नसे. तिचे मन भरून येई आणि ती वाके. आपण ज्याला उपासना म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

1893 साली तिने कनोसियन संघात प्रवेश केला आणि 8 डिसेंबर 1896 रोजी व्रते घेतली. 1902 साली सिस्टर बखितांना विचेंझा परगण्यातील स्कियो या गावच्या मठात पाठवण्यात आले. काही वर्षांचा अपवाद सोडला तर पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य त्यांनी इथेच घालवले. त्यांनी स्वयंपाक केला, भरतकाम केले, वेदीची वस्त्रे आणि भांडी सांभाळली आणि मठाच्या दरवाजावर राखणदार म्हणून काम केले. शाळेत येणाऱ्या मुलांच्या डोक्यावर त्या मायेने हात ठेवत. पहिल्या महायुद्धात मठाच्या काही भागात सैनिकांसाठी इस्पितळ उघडले गेले, तेव्हा त्यांनी जखमींची सेवा केली. गावकरी त्यांना प्रेमाने ‘सावळ्या मदर’ या अर्थाच्या नावाने हाक मारत.

गुलाम असतानाही त्यांनी हीच कामे केली होती. झाडलोट, धुणी, वाढणे, दारात उभे राहणे. काम तेच होते, पण आता ते त्या आपल्या धन्यासाठी करत होत्या. देवाचा उल्लेख करताना त्या व्हेनिसच्या बोलीतला ‘परोन’ हा शब्द वापरत. परोन म्हणजे धनी, मालक. ज्या शब्दाने त्यांना आयुष्यभर घाबरवले, तोच शब्द त्यांनी देवासाठी निवडला, कारण खरा धनी कसा असतो हे त्यांना आता कळले होते.

पळवून नेणाऱ्यांचे आभार?

1931 साली त्यांच्या जीवनकथेचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्या इटलीभर परिचित झाल्या. मिशनकार्यासाठी त्यांना ठिकठिकाणी बोलावले जाऊ लागले. त्यांना फार बोलता येत नसे. व्यासपीठावर लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहावे हे त्यांना अवघड वाटे, तरीही आज्ञेखातर त्या जात.

एकदा एका तरुण विद्यार्थ्याने त्यांना विचारले, तुम्हांला पळवून नेणारे भेटले तर तुम्ही काय कराल? त्यांनी उत्तर दिले, की आपण गुडघे टेकून त्यांच्या हातांचे चुंबन घेऊ, कारण ते घडले नसते तर आपण ख्रिस्ती आणि धर्मभगिनी झालो नसतो.

हे उत्तर ऐकून आपण अवाक होतो. पण ते नीट समजून घ्यायला हवे, नाहीतर त्याचा गैरवापर होईल. गुलामगिरी चांगली होती, असे त्या म्हणत नव्हत्या. अंगावरच्या 114 खुणा त्यांच्या डोळ्यांपुढे रोज होत्या. गुलाम करणे हे पाप आहे आणि ते पापच राहते. अन्याय सोसणाऱ्या माणसाला, मार खाणाऱ्या बायकोला, राबवल्या जाणाऱ्या मुलाला, गप्प बस आणि देवाचे आभार मान, असे सांगायचा अधिकार या कथेने कोणालाही मिळत नाही. स्वतः बखिता वेळ आली तेव्हा गप्प बसल्या नाहीत. त्यांनी नकार दिला आणि न्यायाधीशांसमोरही आपला शब्द बदलला नाही.

मग त्या आभार कशाचे मानत होत्या? माणसांच्या दुष्टपणावरही मात करून देव आपल्यापर्यंत पोहोचला, याचे. पळवणाऱ्यांनी त्यांना बाजाराकडे नेले होते, देवाने त्याच वाटेवरून त्यांना आपल्या घरी आणले. हे कळल्यावर त्यांच्या मनात सूडाला जागा उरली नाही. आपल्याला छळणाऱ्यांसाठीही त्या प्रार्थना करत, कारण त्या बिचाऱ्यांना देव ठाऊक नव्हता, असे त्यांना वाटे.

तरीही जुन्या जखमा पुरत्या गेल्या होत्या असे समजू नका. अखेरच्या आजारपणात, भान हरपले असताना, त्या पुन्हा लहान मुलगी झाल्या. साखळ्या फार जड झाल्या आहेत, जरा सैल करा, अशी विनवणी त्या शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरला करू लागल्या. जी स्त्री पन्नासहून अधिक वर्षे आनंदाने देवाचे आभार मानत जगली, तिच्याही मनाच्या तळाशी ती साखळी होती. हे वाचून आपल्याला धीर येतो. मनातले दुःख संपल्यावर मगच उपकारस्तुती करायची, असा नियम नाही. जखम उरात घेऊनही देवाचे आभार मानता येतात. 8 फेब्रुवारी 1947 रोजी पवित्र मरियेचे नाव घेत सिस्टर बखितांनी देह ठेवला. त्यांचे अंत्यदर्शन घेण्यासाठी लोकांची रीघ लागली होती.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 17 मे 1992 रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि 1 ऑक्टोबर 2000 रोजी संतपद बहाल केले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 सालच्या आशेविषयीच्या आपल्या परिपत्रकात सुरुवातीलाच त्यांची कथा सांगितली आहे. 2015 सालापासून त्यांचा सणाचा दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो.

आपण काय करू शकतो?

या कथेतून तीन साध्या गोष्टी आपण घरी नेऊ या.

पहिली गोष्ट, आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधू या. वाढदिवस आपण केक कापून साजरा करतो, पण बाप्तिस्म्याचा दिवस आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? घरी दाखला नसेल, तर जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या नोंदवहीत तारीख मिळेल. त्या दिवशी कुटुंबासह स्नानकुंडापाशी जाऊन क्षणभर उभे राहू या. लहान मुलांना ते कुंड दाखवू या आणि तू इथे देवाचे लेकरू झालास, असे सांगू या.

दुसरी गोष्ट, आपल्या घरी, दुकानात किंवा शेतावर कामाला येणाऱ्या माणसांकडे पाहू या. दूरच्या गावाहून आलेली एखादी मुलगी कोणाच्या घरी राबत असेल. तिला तिच्या नावाने हाक मारली जाते का? तिला वेळेवर पगार, पोटभर जेवण आणि सुट्टी मिळते का? वय लहान असेल तर ती शाळेत असायला हवी. वेदीपुढे गुडघा टेकणाऱ्याने घरी कोणाचा धनी होऊन मिरवू नये.

तिसरी गोष्ट आजच्या मिस्साची. अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाबरोबर आपल्या मनातले एक दुःखही वेदीवर ठेवू या. ते लगेच दूर होईल असे नाही. बखितांची साखळीही शेवटपर्यंत मनात होती. पण ज्याच्या हाती आपण ते देतो, त्याच्या हातांवरही खिळ्यांच्या खुणा आहेत. आपण कोणाचे आहोत हे एकदा कळले, की गुडघा आपोआप टेकला जातो आणि आभाराचे शब्द मनातून येतात.

हे प्रभू येशू, संत जोसेफिन बखिता हिला तू साखळीतून सोडवून आपल्या घरी आणलेस. आज जगात जी मुलेबाळे आणि स्त्री-पुरुष विकले जात आहेत, त्यांना सोडव. आमच्या हातून कोणाच्या गळ्यात साखळी पडू देऊ नकोस. आणि सुखात असो वा दुःखात, तुझ्यापुढे कृतज्ञ मनाने गुडघा टेकण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.